हाउसिंग बेनिफिट नाकारलं? महिन्याभरात दाद कशी मागायची

काउन्सिलचं, म्हणजे स्थानिक पालिकेचं, पाकीट येतं. आत तीन-चार पानं असतात आणि त्यात कुठेतरी लिहिलेलं असतं की तुम्हाला हाउसिंग बेनिफिट, म्हणजे घरभाड्यासाठीची मदत, देता येत नाही. इथे बहुतेकांची दोनपैकी एक चूक होते. कुणी पत्र कपाटात ठेवून देतं, तर कुणी त्याच रात्री चार पानी कैफियत लिहितं: आयुष्यभर टॅक्स भरला, आता गुडघे दुखतात, शेजारच्याला मिळतं मग मला का नाही. त्यातलं सगळं खरं असेल, पण त्याने निर्णय बदलत नाही. काउन्सिलने एका नियमावर बोट ठेवून नाही म्हटलेलं असतं. उत्तर त्याच नियमाला द्यायचं, पुराव्यासकट द्यायचं आणि मुदतीत द्यायचं.

खालची माहिती इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडसाठी आहे. उत्तर आयर्लंडमधली व्यवस्था वेगळी आहे.

आधी पत्र कोणाचं आहे ते बघा

नव्याने हाउसिंग बेनिफिट आता मोजक्या लोकांनाच मागता येतं: स्टेट पेन्शनचं वय ओलांडलेल्यांना (६६ वर्षं, एप्रिल २०२६ पासून ते टप्प्याटप्प्याने ६७ कडे सरकतं आहे), आणि वय कमी असलं तरी काही प्रकारच्या सपोर्टेड (देखभालीसह मिळणाऱ्या) किंवा तात्पुरत्या निवाऱ्यात राहणाऱ्यांना. बाकी सगळ्यांचा भाड्याचा खर्च युनिव्हर्सल क्रेडिटमधून, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांना मिळणाऱ्या एकत्रित सरकारी मदतीतून, येतो.

हा फरक महत्त्वाचा आहे, कारण दाद मागायचे रस्ते वेगळे आहेत. युनिव्हर्सल क्रेडिटचा निर्णय डीडब्ल्यूपी हे केंद्र सरकारचं खातं देतं. तिथे आधी ‘मँडेटरी रीकन्सिडरेशन’ (सक्तीचा फेरविचार) मागावं लागतं आणि ते उत्तर हातात आल्यावरच ट्रायब्युनलकडे, म्हणजे स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे, जाता येतं. हाउसिंग बेनिफिटचा निर्णय काउन्सिल देते आणि तिथे ही पायरी सक्तीची नाही, थेट अपील करता येतं. मात्र ते अपील ट्रायब्युनलला नाही, काउन्सिललाच लिहून द्यायचं असतं. काउन्सिल ते पुढे पाठवते. फोनवर ‘आधी फेरविचार मागा, मग अपील’ असं सांगणारे कर्मचारी भेटतात. ते डीडब्ल्यूपीचा नियम सांगत असतात.

पती-पत्नींपैकी एक पेन्शनच्या वयाचा आणि दुसरा त्याहून लहान असेल, तर १५ मे २०१९ पासून अशा जोडप्याला सहसा युनिव्हर्सल क्रेडिटकडेच जावं लागतं. नकाराचं कारण हे असेल आणि वयं खरोखर तशी असतील, तर अपिलात वेळ घालवू नका. त्याच दिवशी युनिव्हर्सल क्रेडिटचा अर्ज भरा, कारण तिथे जेवढा उशीर तेवढे पैसे बुडाले.

मुदत: तारीख पाकिटावरची नाही, पत्रावरची

अपिलासाठी निर्णयाचं पत्र पाठवल्यापासून एक कॅलेंडर महिना असतो. पत्र ३ मार्चचं असेल तर अपील ३ एप्रिलपर्यंत काउन्सिलच्या हातात पडलं पाहिजे. ३ एप्रिलला पोस्टात टाकून भागत नाही. पत्र तुमच्या दारात ९ मार्चला आलं म्हणून मुदत ९ एप्रिलपर्यंत वाढत नाही. पाकीट मात्र जपून ठेवा. पत्र फारच उशिरा आलं असेल तर टपालाचा शिक्का कामाला येतो.

या महिन्यात तीन गोष्टी मागता येतात.

पहिली, निर्णयाची लेखी कारणमीमांसा. ‘तुम्ही पात्र नाही’ एवढंच लिहून काउन्सिल मोकळी झाली असेल तर ‘कोणत्या नियमाखाली, कोणत्या तथ्यांवर’ हे लेखी मागायचा तुम्हाला हक्क आहे. महिन्याच्या आत मागितली तर अपिलाची मुदतही थोडी वाढते: मूळ महिना संपल्यापासून किंवा कारणमीमांसा हाती दिल्यापासून, यांतलं जे नंतर येईल तिथून १४ दिवस.

दुसरी, फेरविचार. काउन्सिलनेच निर्णय पुन्हा तपासायचा. कागद हरवला, आकडा चुकला, नाव दुसऱ्याचं पडलं अशा ढोबळ चुकांना हा रस्ता पुरतो आणि लवकर संपतो. फेरविचार मुदतीत मागितला आणि नाकारला गेला, तर त्या नकाराच्या पत्रापासून अपिलाला पुन्हा एक महिना मिळतो.

तिसरी, अपील. कारण नियमाच्या अर्थावर किंवा तुमच्यावरच्या विश्वासावर अडलेलं असेल (‘हे भाडं खरं नाही’, ‘तुम्ही इथे स्थायिक नाही’), तर आमच्या मते सरळ अपीलच करावं. अपील आलं की काउन्सिलला निर्णय पुन्हा बघावाच लागतो, त्यामुळे फेरविचार त्यात आपोआप होतो. आणि नाही बदलला तर प्रकरण तिच्या हातातून निघून स्वतंत्र न्यायाधीशासमोर जातं.

महिना उलटून गेला असेल तरी दार लगेच बंद होत नाही. त्यानंतर आणखी बारा महिन्यांपर्यंत उशिराचं अपील दाखल करता येतं. फक्त उशीर का झाला ते पहिल्याच परिच्छेदात लिहा. आजारपण, घरातला मृत्यू, परदेशात असणं, काउन्सिलने चुकीचा सल्ला देणं ही कारणं चालतात, सोबत कागद असेल तर जास्तच. तेरा महिन्यांनंतर मात्र अपील होत नाही.

पहिल्या आठवड्यातलं काम

नवा अर्ज भरा. हे वाचून चमकायला होतं, पण अपील आणि नवा अर्ज एकत्र चालतात. ट्रायब्युनल फक्त निर्णयाच्या तारखेला असलेली परिस्थिती बघतं. त्यानंतर बचत घटली, भाडेकरार बदलला, व्हिसाची अट उठली, तर त्याचा फायदा नव्या अर्जातूनच मिळतो. पेन्शनच्या वयाच्या अर्जदाराला नवा अर्ज तीन महिने मागे लागू होतो, त्यासाठी कारणही द्यावं लागत नाही. वय कमी असेल तर जेमतेम एक महिना मिळतो आणि तोही सबळ कारण असेल तर.

घरमालकाला कळवा. अपील करणार आहात हे दोन ओळींत लेखी द्या आणि जमेल तेवढं भाडं भरत राहा, मग ते वीस पौंड का असेना. थकबाकी वाढली की घर जायची भीती असतेच, शिवाय ‘भाडं कधी दिलंच नाही, म्हणजे देणं खरं नव्हतं’ असं काउन्सिलला म्हणायला जागा मिळते.

पत्रात काउन्सिल टॅक्सची सवलतही नाकारली आहे का ते बघा. दोन्ही नकार बऱ्याचदा एकाच पाकिटात येतात, पण टॅक्सच्या सवलतीचा रस्ता निराळा आहे. इंग्लंडमध्ये आधी काउन्सिलला लेखी हरकत कळवायची. दोन महिन्यांत उत्तर आलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर तिथून दोन महिन्यांच्या आत व्हॅल्युएशन ट्रायब्युनल या वेगळ्या न्यायाधिकरणाकडे जायचं. हाउसिंग बेनिफिटचं अपील जिंकलं म्हणून टॅक्सची सवलत आपोआप मिळत नाही.

नकाराची कारणं आणि त्यांना द्यायची उत्तरं

सगळ्यात सोपं कारण: ‘मागितलेली माहिती दिली नाही.’ काउन्सिलने कागद मागितले तर ते द्यायला किमान एक महिना द्यावा लागतो, आणि वाजवी असेल तर जास्तही. तेवढा वेळ दिला नसेल तर तारखा मांडून दाखवा. कागद दिले होते पण हरवले असतील तर पोच, ईमेल किंवा अपलोड केल्याचा स्क्रीनशॉट लावा आणि कागद पुन्हा जोडा. पोच नसेल तर कोणत्या दिवशी, कोणत्या खिडकीवर दिले ते लिहा. ती बिनपुराव्याची थाप ठरत नाही. तुमचं म्हणणं हाही पुरावाच असतो, फक्त तो तपशीलवार हवा.

*नातेवाइकाचं घर.* आपल्या लोकांचे सर्वाधिक दावे इथे अडतात, म्हणून जरा थांबून बघू. हाउसिंग बेनिफिटच्या नियमावलीतला नियम ९ म्हणतो की तुम्ही ज्याला भाडं देता तो तुमचा किंवा तुमच्या जोडीदाराचा ‘जवळचा नातेवाईक’ असेल आणि त्याच घरात राहत असेल, तर हाउसिंग बेनिफिट नाही. मुलगा-सुनेच्या घरात एक खोली, एकच स्वयंपाकघर आणि दरमहा तीनशे पौंड ‘भाडं’: हे बसत नाही, आणि अपील करूनही बसणार नाही. पण दोन्ही अटी एकदम लागू व्हाव्या लागतात, आणि काउन्सिलची चूक नेमकी तिथे होते.

जवळचे नातेवाईक म्हणजे आई-वडील, सासू-सासरे, मुलगा, मुलगी, जावई, सून, सावत्र आई-वडील व मुलं, भाऊ, बहीण, आणि यांचे जोडीदार. काका, मामा, आत्या, पुतण्या, भाची, चुलत-मावस भावंडं या यादीत नाहीत. मराठीत चुलतभाऊ हाही ‘भाऊ’च, त्यामुळे अर्जात इंग्रजीत नुसतं ‘ब्रदर’ लिहून मोकळे झालेले अर्ज असतात आणि तेवढ्यावर नकार येतो. असं झालं असेल तर नातं उलगडून सांगणारं पत्र लिहा: अमुक हा माझ्या वडिलांच्या भावाचा मुलगा आहे.

आणि मुलगा घरमालक असला तरी तो दुसरीकडे राहत असेल, तर हा भाग लागू होत नाही. त्याच्या राहत्या घराचं काउन्सिल टॅक्सचं बिल जोडा. एकाच इमारतीत पण वेगळं दार, वेगळं स्वयंपाकघर, वेगळं न्हाणीघर असेल तर ते वेगळं घर आहे असं म्हणता येतं. हातानेच आराखडा काढा, फोटो लावा.

इथून सुटलं की काउन्सिल दुसरी बाजू धरते: व्यवहार खरा नाही, किंवा बेनिफिट लाटण्यासाठीच उभा केला आहे. पहिल्या मुद्द्याला उत्तर म्हणजे घरमालक परक्याशी वागला असता तसा तुमच्याशी वागतो हे दाखवणं. भाडं बँकेतून जातं का, थकलं तेव्हा त्याने मेसेज किंवा पत्राने मागितलं का, तुमच्या आधी तिथे कोणी भाडेकरू होता का, घरावर कर्जाचा हप्ता आहे का. लेखी करार असलाच पाहिजे असं नाही, तोंडी करारही कायद्याने चालतो. भाडं बाजारापेक्षा कमी आहे एवढ्यावरून व्यवहार खोटा ठरत नाही. दुसऱ्या मुद्द्यावर, म्हणजे बनावाच्या आरोपावर, सिद्ध करायची जबाबदारी काउन्सिलची असते. बेनिफिटशिवाय भाडं परवडत नाही, हा बनावाचा पुरावा नव्हे. ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठीच ही योजना आहे.

रोखीचा व्यवहार असेल तर खात्यातून दर महिन्याला काढलेली रक्कम आणि घरमालकाच्या सहीची पावती जुळवून तक्ता करा. मागच्या तारखा टाकून पावत्या एका बैठकीत लिहून घेऊ नका. एकाच पेनाने, एकाच वळणात लिहिलेल्या बारा पावत्या ओळखू येतात, आणि मग खऱ्या गोष्टींवरही विश्वास बसत नाही.

*बचत आणि भारतातली मालमत्ता.* पेन्शन क्रेडिटचा (पेन्शनच्या वयातल्या कमी उत्पन्नाच्या लोकांना मिळणाऱ्या मदतीचा) ‘गॅरंटी’ भाग मिळत असेल तर काउन्सिल तुमची बचत आणि उत्पन्न धरत नाही, त्यामुळे हा प्रश्नच येत नाही. तो मिळण्यासारखा असूनही मागितलेला नसेल तर आधी तिकडे अर्ज करा. बाकीच्यांसाठी १६,००० पौंडांची सीमा आहे. त्याच्या वर गेलात की बेनिफिट नाही. पेन्शनच्या वयात १०,००० पर्यंतची बचत धरतच नाहीत. त्यावर प्रत्येक ५०० पौंडांमागे, किंवा त्याच्या भागामागे, आठवड्याला १ पौंड उत्पन्न मानतात. त्याहून लहान वयात ही गणती ६,००० वर सुरू होते आणि दर २५० मागे १ पौंड धरतात.

भारतातलं दुसरं घर, शेत, एफडी, पीपीएफ हे सगळं यात येतं. लपवू नका, पण काउन्सिलने केलेलं मूल्यमापन मुकाट्याने मान्यही करू नका. आजच्या बाजारभावातून विक्रीच्या खर्चापोटी सरळ १० टक्के आणि त्यावर बोजा असेल तर ती रक्कम वजा करायची असते. रुपयांचे पौंड करताना बँक घेते ते कमिशनही वगळायचं असतं.

एक हिशेब करून बघा. दोघा भावांच्या नावावर असलेला ६० लाखांचा फ्लॅट, कर्ज नाही, आणि दर हिशेबापुरता १२० रुपयांना एक पौंड. काउन्सिल म्हणेल: ६० लाखांतून १० टक्के गेले, उरले ५४ लाख, म्हणजे ४५,००० पौंड, अर्धे २२,५००. दावा फेटाळला. पण विकायचा आहे तो तुमचा हिस्सा, सबंध फ्लॅट नव्हे, आणि आत भावाचं बिऱ्हाड आहे. असा अर्धा हिस्सा तिऱ्हाईत माणूस तीस लाखांना कशाला घेईल? स्थानिक मान्यताप्राप्त मूल्यनिर्धारकाने ‘सध्याच्या ताब्यासह या अविभक्त हिश्श्याला बाजारात २० लाख येतील’ असं कारणांसह लिहून दिलं, तर १० टक्के वजा जाता १८ लाख, म्हणजे १५,००० पौंड. सीमेच्या आत. आठवड्याला १० पौंड उत्पन्न धरलं जाईल, पण दावा जिवंत राहील.

आणि त्या फ्लॅटमध्ये राहणारा भाऊ पेन्शनच्या वयाचा किंवा अपंग असेल, तर त्या घराची किंमत मुळीच धरायची नसते. या सवलतीपुरती ‘नातेवाईक’ची व्याख्या मोठी आहे: आजी-आजोबा, काका-मामा, पुतणे-भाचेही त्यात येतात. अर्जातल्या ‘परदेशात मालमत्ता आहे का’ या प्रश्नाला ‘हो’ लिहून पुढे कोण राहतं ते न सांगितल्यामुळे हा फायदा निसटतो. घर विकायला काढलं असेल तर प्रयत्न सुरू केल्यापासून २६ आठवडे ते धरत नाहीत. एजंटाचं पत्र किंवा जाहिरात जोडा.

मुलीच्या लग्नाला किंवा नातवाच्या फीला पैसे दिले असतील तर काउन्सिल ते ‘बेनिफिटसाठी उडवले’ म्हणून अजूनही तुमच्याकडेच आहेत असं मानू शकते. इथे तुमचा हेतू काय होता एवढाच प्रश्न असतो. लग्नपत्रिका, हॉलचं बिल, फीची पावती आणि तारखा पुढे ठेवा. पैसे दिले तेव्हा हाउसिंग बेनिफिट मागायचा विचारही नव्हता हे तारखांवरूनच दिसलं तर उत्तम.

*भारतवारी.* २८ जुलै २०१६ पासून ग्रेट ब्रिटनच्या बाहेर राहण्याची मुभा साधारणपणे चार आठवड्यांपुरतीच आहे. खोच अशी की जाताना बेत चार आठवड्यांपेक्षा जास्त राहण्याचा असेल, तर पहिल्या दिवसापासूनच हक्क जातो. परतीचं तिकीट पाच आठवड्यांनंतरचं असेल तर पहिले चार आठवडेही हातचे गेले. उलट, तिकीट २५ दिवसांचं होतं आणि आजारपणामुळे अडकलात, तर निदान पहिल्या चार आठवड्यांसाठी भांडता येतं. मूळ तिकीट आणि बदललेलं तिकीट, दोन्ही जोडा. जोडीदार, मूल किंवा जवळच्या नातेवाइकाच्या मृत्यूमुळे गेला असाल आणि लवकर परतणं वाजवी नसेल तर आठ आठवड्यांपर्यंत, आणि स्वतःच्या, जोडीदाराच्या किंवा मुलाच्या वैद्यकीय उपचारासाठी २६ आठवड्यांपर्यंत सूट आहे. डॉक्टरांचं पत्र आणि मृत्यूचा दाखला इंग्रजीत नसेल तर भाषांतर लावा.

*‘इथे स्थायिक नाही’ आणि व्हिसाच्या अटी.* व्हिसावर सार्वजनिक निधी न घेण्याची अट असेल तर अपील करू नका, आणि मुळात अर्जही करू नका. त्याने व्हिसाच धोक्यात येऊ शकतो. आधी इमिग्रेशनच्या सल्लागाराला भेटा. मुलाने हमीपत्र देऊन आई-वडिलांना कायमच्या वास्तव्यासाठी आणलं असेल, तर हमीच्या पहिल्या पाच वर्षांत सहसा हाउसिंग बेनिफिट नाही. हमी देणाऱ्याचा मृत्यू झाला असेल तर तो अडसर उठतो.

ब्रिटिश नागरिक बरीच वर्षं भारतात राहून परतला तर त्याला ‘हॅबिच्युअल रेसिडेन्स’ची, म्हणजे इथे खरोखर स्थायिक आहे का याची, चाचणी लागते. आल्या आल्या अर्ज केला की बऱ्याचदा नकार येतो, कारण स्थायिक होण्याच्या इराद्यासोबत सहसा काही काळ प्रत्यक्ष राहणंही लागतं. बहुतेक प्रकरणांत तो एक ते तीन महिन्यांचा धरतात, पण निश्चित आकडा कायद्यात नाही. जीपीकडे (फॅमिली डॉक्टरकडे) नोंदणी, बँक खातं, तिकडचं घर रिकामं केल्याचा कागद, पाठवलेल्या सामानाची पावती हे सगळं द्या. पेन्शन क्रेडिट मिळत असेल तर हाउसिंग बेनिफिटसाठी ही चाचणी लागत नाही. काउन्सिल हे विसरली असेल तर एका ओळीत आठवण करून द्या.

अपिलाचं पत्र

काउन्सिलचा फॉर्म असेल तर तो वापरा, नसेल तर साधा कागद चालतो. भाषा इंग्रजी ठेवा, सही अर्जदाराचीच हवी. दुसरं कोणी बोलणार असेल तर त्याला अधिकार दिल्याचं सहीनिशी पत्र जोडा. मजकूर साधारण असा:

‘विषय: हाउसिंग बेनिफिटच्या निर्णयाविरुद्ध अपील. दाव्याचा क्रमांक, नॅशनल इन्शुरन्स क्रमांक, पत्ता.

तुमच्या ३ मार्चच्या पत्रातल्या निर्णयाविरुद्ध मी अपील करत आहे. मी जवळच्या नातेवाइकासोबत राहतो म्हणून दावा नाकारल्याचं तुम्ही लिहिलं आहे. हे तथ्याला धरून नाही. घरमालक माझा मुलगा आहे, पण तो या घरात राहत नाही. त्याच्या घराचं काउन्सिल टॅक्सचं बिल पान १ वर आहे. म्हणून नियम ९ मधली ही अट मला लागू होत नाही. भाडं दरमहा ६५० पौंड असून माझ्या खात्यातून त्याच्या खात्यात जातं. चौदा महिन्यांची स्टेटमेंट पान २ ते १५ वर आहेत. मे महिन्यात भाडं थकलं तेव्हा त्याने लेखी मागणी केली, ती पान १६ वर. निर्णय बदलावा, बदलणार नसाल तर हे अपील ट्रायब्युनलकडे पाठवावं.’

बस, एवढंच. निर्णय कोणता, तो चूक का, पुरावा कुठे. पानांना क्रमांक घाला. मूळ कागद कधीही देऊ नका, प्रती द्या. काउन्सिलच्या कार्यालयात नेऊन दिलं तर तारखेचा शिक्का मारलेली पोच घ्या. पोस्टाने पाठवलं तर नोंद असलेल्या टपालाने. पुरावे गोळा व्हायचे असतील तर पत्र अडवून ठेवू नका. ‘पुरावे मागाहून पाठवतो’ असं लिहून अपील मुदतीत द्या.

पत्र दिल्यानंतर

काउन्सिल निर्णय पुन्हा बघते. पूर्ण तुमच्या बाजूने बदलला तर काम झालं. थोडासाच बदलला, म्हणजे बेनिफिट दिलं पण मागितलं त्यापेक्षा कमी, तर जुनं अपील तिथेच संपतं. हे अनेकांना ठाऊक नसतं. ते सुनावणीची वाट बघत बसतात. नव्या निर्णयाविरुद्ध महिन्याभरात नवं अपील द्यावं लागतं.

काउन्सिलने अपील पुढे पाठवायला ठरावीक दिवसांची मुदत नाही, ‘शक्य तितक्या लवकर’ एवढंच बंधन आहे. त्यामुळे फायली महिनोन् महिने पडून राहतात. दोन महिने काहीच हालचाल नसेल तर लेखी विचारा. तरीही शांतता असेल तर अपिलाची प्रत आणि पोच जोडून थेट ट्रायब्युनलच्या कार्यालयाला लिहा आणि काउन्सिलला आदेश द्यावा अशी विनंती करा.

पुढे काउन्सिलच्या म्हणण्याचा जाडजूड गठ्ठा येतो. त्यात आधी ‘तथ्यं’ हा भाग वाचा आणि पेन्सिलने खुणा करा: हे बरोबर, हे चूक, हे सुटलं. तुमचा एखादा महत्त्वाचा कागद गठ्ठ्यात नसेल तर तो लगेच ट्रायब्युनलला पाठवा.

सुनावणी प्रत्यक्ष हवी की नुसत्या कागदांवर, असा प्रश्न फॉर्मवर येतो. प्रत्यक्ष मागा, फोन किंवा व्हिडिओ चालत असेल तर तसं लिहा. ‘हे भाडं खरं आहे का’, ‘हा माणूस इथे राहायला आला आहे का’ असल्या प्रश्नांत न्यायाधीशाला माणूस ऐकू आला पाहिजे. त्याच फॉर्मवर दुभाष्या मागा. तो मोफत मिळतो, आणि इंग्रजी कामापुरतं येत असलं तरी ताणाखाली दगा देतं. भाषेच्या रकान्यात ‘मराठी’ असं स्पष्ट लिहा. ‘इंडियन’ लिहिलं तर कोण येईल सांगता येत नाही. मुलगा भाषांतर करेल हा बेत धरू नका: घरच्या माणसाला सहसा दुभाष्या म्हणून बसू देत नाहीत, आणि तोच घरमालक असेल तर तो साक्षीदार आहे.

सुनावणीची सूचना किमान १४ दिवस आधी मिळते. खोलीत बहुधा एकच न्यायाधीश असतात, काउन्सिलचा प्रतिनिधी येतो किंवा येत नाही. कोर्टासारखा थाट नसतो. विचारलं तेवढ्याचं उत्तर द्या, तारीख आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ म्हणा. अंदाजे सांगितलेली तारीख बँकेच्या कागदाशी जुळली नाही तर उगाच खोटे पडता. ये-जा करायचा खर्च मागता येतो, तिकिटं ठेवा.

निकाल त्याच दिवशी किंवा टपालाने येतो. जिंकलात तर काउन्सिलने मूळ तारखेपासूनची थकबाकी द्यायची असते. हरलात तर निकालाची सविस्तर कारणं एक महिन्याच्या आत मागा, कारण अपर ट्रायब्युनलकडे (वरच्या न्यायाधिकरणाकडे) जायला ती लागतात. तिथे फक्त कायद्याची चूक चालते, ‘मला निकाल पटला नाही’ हे चालत नाही. कारणं हाती आल्यापासून पुन्हा एक महिन्यात परवानगीचा अर्ज द्यावा लागतो.

बरोबर कोणी हवं असेल तर सिटिझन्स ॲडव्हाइस, शेल्टर, एज यूके किंवा जवळचं लॉ सेंटर गाठा. भेटीची वेळ मिळायला वेळ लागू शकतो. तोपर्यंत अपिलाचं पत्र मात्र स्वतःच देऊन ठेवा.